"भारताने कधीच कुणावर आक्रमण केलं नाही": मुलीचा वादविवाद आणि आपली बाजू

दूरदेशी
नमस्कार मंडळी. मूळ गाव चिपळूण, गेली सहा वर्षं लिस्बनला आहोत. एरवी मी नुसता वाचत असतो, पण मागच्या आठवड्यात घरात जे घडलं ते इथेच मांडावंसं वाटलं.

मुलगी सतरा वर्षांची आहे. तिच्या शाळेत वादविवाद होता. प्रत्येकाने एका देशाची बाजू घ्यायची. त्या देशाची स्थापना न्याय्य होती का, आणि जगात त्याने आजवर जे केलं ते अभिमानाने सांगण्यासारखं आहे का, यावर बोलायचं आणि समोरच्याच्या प्रश्नांना तोंड द्यायचं. तिने भारत घेतला. तयारी माझ्याबरोबर केली. सुरुवातीचं वाक्य मीच दिलं, जे मला पाचवीत १५ ऑगस्टच्या भाषणासाठी बाईंनी पाठ करून घेतलं होतं: भारताने दहा हजार वर्षांच्या इतिहासात कधीही कुणावर आक्रमण केलेलं नाही.

समोर एक पोर्तुगीज मुलगा होता. त्याने एवढंच विचारलं, "मग १८ डिसेंबर १९६१ ला माझे आजोबा गोव्यात कुणाशी लढत होते?" त्याचे आजोबा तिथे पोर्तुगीज फौजेत होते. पकडले गेले आणि पुढच्या वर्षी मे महिन्यात सुटून घरी आले.

मुलगी गडबडली. गोव्याबद्दल तिला माहीत होतं, आमच्या घरी गोव्याला जाणं-येणं आहे. पण माझ्या त्या पहिल्या वाक्यापुढे गोवा ठेवून तिने कधी पाहिलंच नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मीही नाही. आपण त्याला 'मुक्ती' म्हणतो, म्हणून ते 'आक्रमण' या शब्दाजवळ मनात कधी येतच नाही. मग त्याने पुढे रेटलं: देश ब्रिटिशांनी बनवला, घटना त्यांच्या १९३५ च्या कायद्याची नक्कल, आणि हैदराबाद रणगाडे घालून घेतलं. शेवटच्या मुद्द्यावर ती म्हणाली की हे खोटं आहे. ते खोटं नव्हतं.

घरी आल्यावर ती माझ्यावर चिडली नाही. "बाबा, तुम्हाला हे माहीत होतं का?" एवढंच विचारलं. ते मला जास्त लागलं.

तीन आठवड्यांनी दुसरी फेरी आहे, तिला लेखी उत्तर द्यायचंय. माझी इथल्या जाणत्या लोकांना विनंती, भाषण नको. तारखा द्या, कागद दाखवा. आणि जिथे आपलं चुकलं तिथे तेही सांगा, म्हणजे ते तिला समोरच्याच्या तोंडून ऐकावं लागणार नाही. देशाची बाजू तिने सोडावी असं मला वाटत नाही. ती बाजू खरी आहे असं मी मनापासून मानतो. ती नीट मांडता आली नाही, हे माझं दुखणं आहे.

मांडवी
दूरदेशीदादा, गोव्याचं मी सांगते. मी पणजीची. वडील ६१ साली पंधरा-सोळा वर्षांचे होते.

पहिलं म्हणजे तुमच्या मुलीला सांगा, 'सैन्य गेलं नाही' असं चुकूनही म्हणू नकोस. गेलं. भूदल, नौदल, विमानं, सगळं गेलं आणि छत्तीस तासांच्या आसपास काम संपलं. भारताचे २२ आणि पोर्तुगालचे ३० जण मेले. त्या मुलाचे आजोबा खरोखर लढत होते, त्यांचा अपमान होईल असं काही तिने बोलू नये.

प्रश्न सैन्य गेलं का हा नाहीच. ते कधी गेलं आणि त्याआधी काय काय करून झालं होतं, हा प्रश्न आहे. भारताने १९४९ मध्ये लिस्बनला वकिलात उघडली. फेब्रुवारी १९५० मध्ये वाटाघाटींचा प्रस्ताव रीतसर दिला. उत्तर आलं की बोलण्यासारखं काही नाही. जून १९५३ मध्ये वकिलात बंद करावी लागली. इकडे पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याने १९५१ मध्ये घटना बदलून वसाहतींचं नाव 'सागरापारचे प्रांत' करून टाकलं, म्हणजे वसाहत नावाची गोष्टच कागदावरून नाहीशी झाली. १५ ऑगस्ट १९५५ ला नि:शस्त्र सत्याग्रही सीमा ओलांडून आत आले तेव्हा गोळीबार झाला, वीसहून अधिक माणसं गेली. त्यांत महाराष्ट्रातलेही होते. त्यानंतरही सहा वर्षं भारताने फौज पाठवली नाही. आमच्याकडची जुनी माणसं याबद्दल नेहरूंवर अजून रागावलेली आहेत, इतका उशीर केला म्हणून.

आता कागद. दादरा-नगर हवेली १९५४ मध्ये स्वयंसेवकांनी मोकळी केली (सुधीर फडके त्यात होते, हे इथे सगळ्यांना ठाऊक असेल). पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं. एप्रिल १९६० मध्ये निकाल लागला. सामान्य माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना भारतातून ये-जा करायचा हक्क पोर्तुगालला होता असं न्यायालयाने म्हटलं, पण सशस्त्र फौजेला नव्हता, आणि भारताने काही नियमभंग केला नाही असंही म्हटलं. त्याच वर्षी १४ डिसेंबरला संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने वसाहतींच्या स्वातंत्र्याचा १५१४ क्रमांकाचा ठराव केला. दुसऱ्या दिवशी १५४२ क्रमांकाचा. या दुसऱ्या ठरावात पोर्तुगालच्या स्वयंशासन नसलेल्या प्रदेशांची नावानिशी यादी आहे आणि त्या यादीत गोवा आहे. म्हणजे गोवा हा पोर्तुगालचा प्रांत नाही हे आपण म्हणायच्या आधी जगाने म्हटलं होतं. मुलीला हा ठराव छापून हातात द्या.

दुसरी बाजूही सांगते. १८ डिसेंबरला सुरक्षा परिषदेत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, तुर्कस्तान यांनी युद्ध थांबवा, भारताने मागे जावं असा ठराव आणला. बाजूने सात, विरुद्ध चार. बहुमत आपल्याविरुद्ध होतं. ठराव पडला तो सोव्हिएत नकाराधिकाराने. पण विरुद्ध मत देणारे बाकीचे तीन कोण होते ते बघायला सांगा: सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक (म्हणजे तेव्हाचा इजिप्त). सगळे आशिया-आफ्रिकेतले. त्याच वर्षी पोर्तुगालच्याच अंगोला या वसाहतीत लढा पेटला होता. त्या देशांना गोव्यात काय चाललंय हे समजावून सांगायची गरज नव्हती.

वडिलांची एक आठवण. घरात आत्याचं लग्न होतं. पत्रिका छापायच्या तर मजकूर आधी सेन्सॉरकडे न्यावा लागे. लग्नाची पत्रिका! 'सागरापारचा प्रांत' म्हणजे काय ते आमच्या घराला त्या पत्रिकेवरून कळलं.

जुनीवही
मांडवीताईंचा प्रतिसाद जपून ठेवावा असा आहे. एक भर घालतो. त्या पोर्तुगीज मुलाच्या आजोबांबद्दल आपण आदराने बोलावं याला आणखी एक कारण आहे. सालाझारने गव्हर्नर वासालु इ सिल्वा यांना कळवलं होतं की शरणागती नाही, एक तर जिंकलेले सैनिक नाहीतर मेलेले. त्या गव्हर्नराने हुकूम मोडला आणि शरण गेला. त्यामुळे शेकडो, कदाचित हजारो जीव वाचले, त्यात त्या आजोबांचाही असेल. मायदेशी गेल्यावर त्याला सैन्यातून काढून टाकलं. १९७४ च्या क्रांतीनंतर त्याला परत मान मिळाला, आणि त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला पोर्तुगालने गोवा भारताचा हे करार करून मान्य केलं. ज्या राजवटीशी आपण लढलो ती राजवट पोर्तुगीज लोकांनीच पाडली. मुलीने हे सांगितलं तर समोरचा मुलगा शत्रू राहणार नाही.

आता स्थापनेबद्दल. मी साताऱ्याकडे ३१ वर्षं इतिहास शिकवला, म्हणून जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

'घटना १९३५ च्या कायद्याची नक्कल' हा आक्षेप नवा नाही. तो खुद्द संविधान सभेत घेतला गेला होता, आणि ४ नोव्हेंबर १९४८ ला मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी त्याला उत्तर दिलं होतं. उसनं घेतलंय हे त्यांनी नाकारलं नाही. राज्यघटनेच्या मूलभूत कल्पनांवर कुणाची मालकी नसते, आणि १९३५ च्या कायद्यातून आलेला भाग मुख्यतः कारभाराच्या तपशिलांचा आहे, असं त्यांचं म्हणणं. हे उत्तर मला आजही पुरेसं वाटतं. कारण १९३५ च्या कायद्यात मत कुणाला होतं? शेतसारा भरणाऱ्याला, शिकलेल्याला, मालमत्ता असणाऱ्याला. घटनेने ते एका ओळीत सगळ्यांना दिलं. ही ओळ ब्रिटिशांकडून आलेली नाही. ती १९२८ च्या नेहरू अहवालात आहे, त्याच सुमारास सायमन कमिशनपुढे बाबासाहेबांनी केलेल्या मागणीत आहे. ब्रिटिश सरकार सांगत राहिलं की निरक्षर माणूस मत कसं देणार.

१९५१-५२ च्या निवडणुकीत मतदार होते १७ कोटींच्या वर. देशात लिहिता-वाचता येणारे शंभरात अठरा. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या माणसांनी घरोघर जाऊन याद्या केल्या. अनेक बायका नाव सांगेनात. 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' एवढंच. सेन यांनी अशी नोंद घ्यायची नाही असं ठरवलं आणि सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गळली. हे चूक की बरोबर यावर माझ्या वर्गात दर वर्षी वाद व्हायचा. माझं मत सांगतो. त्या २८ लाखांवर अन्याय झाला, पण राज्याच्या दप्तरात बाईची ओळख तिच्या स्वतःच्या नावाने होईल, नवऱ्याच्या नाही, हा आग्रह धरणारं ते राज्य होतं. स्वित्झर्लंडमध्ये बायकांना देशपातळीवर मत मिळायला १९७१ उजाडलं. अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या माणसाला निर्धोकपणे मत देता यावं म्हणून १९६५ मध्ये कायदा करावा लागला.

आणि एक. त्याच पहिल्या निवडणुकीत मुंबईतून डॉ. आंबेडकर हरले. निवडून आले नारायण काजरोळकर. ज्याने मसुदा समितीचं अध्यक्षपद सांभाळलं तो माणूस त्या घटनेखालच्या पहिल्याच निवडणुकीत हरला. मला त्या पराभवाचं अजून वाईट वाटतं. पण 'देश कुणी बनवला' या प्रश्नाला मी वर्गात हेच उत्तर द्यायचो. ज्या मतदाराने बाबासाहेबांनाही घरी बसवलं, त्याने.

आता दुबळी बाजू, कारण धागाकर्त्यांनी ती मागितली आहे. संविधान सभा स्वतः प्रौढ मताने निवडलेली नव्हती. प्रांतांच्या विधिमंडळांनी तिचे सदस्य निवडले आणि ती विधिमंडळं मर्यादित मतदारांची होती. संस्थानांच्या जागांवर तर बरेच जण राजांनी नेमलेले. १५ बायका होत्या. हा आक्षेप आला तर नाकारू नये. उत्तर एवढंच की त्या सभेने आपल्याला निवडणाऱ्यांपेक्षा कितीतरी मोठ्या समाजाला सत्ता देऊन टाकली.

कृष्णाकाठ
सर्वांना नमस्कार. मी कोल्हापूरचा, सैन्यातून निवृत्त. मुलीला कोरियाबद्दल जरूर सांगा, आपल्याकडे हे फार कमी जणांना माहीत असतं.

१९५३ मध्ये कोरियाचं युद्ध थांबलं तेव्हा सगळं अडलं होतं ते युद्धकैद्यांवर. हजारो चिनी आणि उत्तर कोरियन कैदी मायदेशी परत जायला तयार नव्हते. दोन्ही बाजूंना चालेल असा एकच देश सापडला, भारत. आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या. कैद्यांवर देखरेख ठेवणारं भारतीय दल मेजर जनरल एस. पी. पी. थोरात यांच्याकडे, आमच्या कोल्हापूरकडचे. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांनी भारतीय जवानांना आपल्या भूमीवर पाय ठेवू दिला नाही, म्हणून त्यांना हेलिकॉप्टरने निर्लष्करी पट्ट्यात उतरवलं. तिथल्या छावणीचं नाव हिंदनगर. २२ हजारांहून जास्त कैदी, बहुतेक भडकलेले. एकदा त्यांनी आपल्या मेजर ग्रेवाल यांना ओढून आत नेलं. थोरात स्वतः शस्त्राशिवाय त्या जमावात गेले, बोलले, आणि ग्रेवालना घेऊन बाहेर आले. गोळी झाडली असती तर किती मेले असते आणि तह टिकला असता का, कोण जाणे. शेवटी ८८ जणांना कुठल्याच बाजूला जायचं नव्हतं, ते आपल्या फौजेबरोबर भारतात आले.

काँगोत कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया गेले, ५ डिसेंबर १९६१. परमवीरचक्र. राष्ट्रसंघाच्या झेंड्याखाली मेलेल्यांत भारताचे जवान सगळ्यात जास्त आहेत. आणि आपलं युद्धही नसताना. मी स्वतः अशा एका मोहिमेवर होतो, तिथलं लिहीत नाही, पण पाण्याच्या टँकरमागे धावणारी पोरं 'इंडिया, इंडिया' ओरडायची ते कानात आहे.

शिवाय वळिवडेचं सांगा. दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या सुमारे पाच हजार निर्वासितांना कोल्हापूरजवळ वळिवडे छावणीत आसरा मिळाला. बहुतेक बायका आणि मुलं.

तेरणा
मी धाराशिव जिल्ह्यातली. हैदराबादबद्दल कुणी बोलेल म्हणून वाट पाहत होते. कुणी बोललं नाही, म्हणून मी लिहिते.

आमच्याकडे १७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन असतो. झेंडा असतो, भाषणं असतात. तो दिवस माझा आहे, त्यात खोट नाही. रझाकारांनी गावं जाळली. आजोबांचं घर लुटलं, ते बायका-पोरं घेऊन बार्शीला पळाले, कारण तिथून निजामाची हद्द संपत होती. स्वामी रामानंद तीर्थांच्या माणसांचे कँप त्या सीमेवर होते. निजामाने एकीकडे जैसे थे करार केला आणि दुसरीकडे रझाकारांच्या पुढाऱ्याला, कासिम रझवीला, मोकळं सोडलं. म्हणून १३ सप्टेंबर १९४८ ला फौज आली, १७ ला संपलं. फौज यायला नको होती असं म्हणणारं माणूस आमच्या जिल्ह्यात मला भेटलेलं नाही.

पण पुढच्या काही आठवड्यांत जे झालं ते भाषणात येत नाही. मुसलमानांना मारलं. रझाकार होते त्यांना आणि नव्हते त्यांनाही. केंद्र सरकारनेच पंडित सुंदरलाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती पाठवली. तिने अंदाज दिला, २७ ते ४० हजार माणसं. सगळ्यात वाईट चार जिल्हे लिहिले आहेत त्यात उस्मानाबाद आहे, नांदेड आहे. काही ठिकाणी फौजेतल्या माणसांनीही हात धुऊन घेतले असं लिहिलंय. तो अहवाल सरकारने कित्येक दशकं बाहेर येऊ दिला नाही.

आजी बार्शीला गेली नव्हती. ती बाळंतीण होती, तिला शेजारणीने स्वतःच्या घरात ठेवून घेतलं. शेजारीण मुसलमान. रझाकार दारात आले तेव्हा तिने माझी भावजय आहे म्हणून सांगितलं. सप्टेंबरात पारडं फिरलं. मग आजीने त्या शेजारणीच्या दोन मुलांना आमच्या बळदात, म्हणजे धान्याच्या कोठारात, ज्वारीवर झोपवून ठेवलं, अकरा दिवस. मुलं वाचली. त्यांचे वडील बाजाराला गेले होते ते आले नाहीत.

तुमच्या मुलीला 'हे खोटं आहे' असं म्हणावं लागलं याचं कारण ती नाही. आपण तिला सांगितलंच नव्हतं.

कृष्णाकाठ
तेरणाताई, तुमच्या आजींना नमस्कार. पण माझं मत वेगळं आहे आणि ते स्पष्ट लिहितो. परक्या देशात, परक्या मुलांसमोर आपल्या घरातलं असं चव्हाट्यावर मांडायची काय गरज? तो पोर्तुगीज मुलगा काय अंगोला-मोझांबिकमधलं सांगणार आहे? आपण आपली बाजू मांडायची. चुकांवर आपापसात बोलू.

तेरणा
कृष्णाकाठदादा, तुमचा राग समजतो. पण तो मुलगा हैदराबादचं आधीच बोललाय. चव्हाट्यावर आलेलंच आहे. आता आपली पोर ते माहीत असलेली दिसावी की माहीत नसलेली, एवढंच आपल्या हातात आहे. शिवाय ती समिती नेमणारं सरकार आपलंच होतं. राज्य जेमतेम सव्वा वर्षाचं असताना त्याच्याच पंतप्रधानाने माणसं पाठवून मोजायला लावलं, हे मला देशाची बाजू वाटतं. दाबून ठेवला ती लाज. दोन्ही एकाच कागदाबद्दल आहे.

जुनीवही
तेरणाताईंशी पूर्ण सहमत. मी ३१ वर्षांत हा अहवाल वर्गात एकदाही काढला नाही, त्याची खंत वाटते.

कृष्णाकाठसाहेब, एक दुरुस्ती. वळिवडे १९४३ चं. तेव्हा भारतात ब्रिटिशांचं राज्य आणि कोल्हापूर हे संस्थान. कोल्हापूरच्या माणसांचा तो मोठेपणा आहेच, पण १९४७ नंतरच्या राष्ट्राच्या खात्यात तो मांडला तर समोरचा लगेच विचारेल की मग ब्रिटिश राजवटीतलं बाकीचंही मांडायचं का. मुलीने तो मुद्दा घेऊ नये. कोरियाचा मात्र शंभर टक्के घ्यावा.

कृष्णाकाठ
वळिवडेबद्दल मान्य, दुरुस्ती बरोबर आहे. हैदराबादबद्दल अजून मनाला पटत नाही, पण विचार करतो.

पानगळ
मी सहसा अशा धाग्यांवर लिहीत नाही, कारण देशाची बाजू 'मांडायची' म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. पण इथे चर्चा प्रामाणिक चालली आहे म्हणून दोन गोष्टी.

१९४६ मध्ये, स्वातंत्र्याच्याही आधी, भारताने दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांना मिळणाऱ्या वागणुकीचा प्रश्न आमसभेत नेला. विजयालक्ष्मी पंडित बोलल्या. समोर दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान स्मट्स. त्यांचं म्हणणं, ही आमची अंतर्गत बाब. ब्रिटन आणि अमेरिका दोघांनीही भारताविरुद्ध मत दिलं. तरी ठराव ३२ विरुद्ध १५ ने पास झाला. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडणारा भारत पहिला देश. माणसाला त्याच्या कातडीवरून वागवणं ही कुठल्याच देशाची अंतर्गत बाब नसते, ही गोष्ट जगाच्या व्यासपीठावर रुजवण्यात आपला मोठा वाटा आहे. मला भारताच्या सगळ्या परराष्ट्र कारभारात हे सर्वांत मोलाचं वाटतं. हंसा मेहतांचंही सांगा. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात सर्व 'पुरुष' स्वतंत्र जन्मतात अशा अर्थाचा शब्द होता, तो 'मानव' असा बदलायला त्यांनी लावलं. १९४८. त्याच वेळी त्या संविधान सभेतही होत्या, मुंबईतून.

आणि म्हणूनच मला पुढचं टोचतं. पुढे जेव्हा जेव्हा आपल्याकडच्या कशावर बाहेर प्रश्न आला, तेव्हा आपण स्मट्सचाच शब्द उचलला, 'अंतर्गत बाब'. १९५६ मध्ये हंगेरीत रशियाचे रणगाडे घुसले तेव्हा राष्ट्रसंघाच्या देखरेखीखाली निवडणुका व्हाव्यात या ठरावावर कृष्ण मेनन यांनी रशियाच्या बाजूने मत दिलं. इंग्लंड-फ्रान्सने सुएझवर केलेलं चुकीचं आणि रशियाचं मात्र समजून घ्यायचं, हे तेव्हाही अनेक भारतीयांना रुचलं नव्हतं. श्रीलंकेत १९८७ ते ९० शांतिसेना गेली. आपले सुमारे १,२०० जवान गेले, आणि जाफन्याच्या रुग्णालयात ऑक्टोबर १९८७ मध्ये डॉक्टर, परिचारिका, रुग्ण मेले ते आपल्याच जवानांच्या गोळीबारात. तामिळ घरांत तो दिवस अजून पाळतात. 'आपली फौज जाते तिथे लोक आनंदाने ओरडतात' हे काही ठिकाणी खरं आहे. जाफन्यात नाही.

कृष्णाकाठ
श्रीलंकेबद्दल मी वाद घालणार नाही. माझ्या बरोबरीचे तिथे गेले, त्यातले सगळे परत आले नाहीत. कशासाठी गेलो होतो याचं उत्तर त्यांच्या घरच्यांना आजही कुणी नीट देत नाही.

१९७१ मात्र कुणी विसरू नये. तिथे उत्तर आहे.

मांडवी
७१ चं मी थोडं लिहिते, कारण मुलीला इथेही तोच सापळा लागेल. ७ डिसेंबर १९७१ ला आमसभेत युद्ध थांबवा, फौजा मागे घ्या या ठरावाला १०४ देशांनी होकार दिला, ११ विरुद्ध. आपल्या बाजूने जवळजवळ कुणी नव्हतं. 'जग आपल्या पाठीशी होतं' असं म्हणू नये. सांगायचं ते असं: आठ-नऊ महिन्यांत पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसं सीमा ओलांडून आली, त्यांना भारताने परत ढकललं नाही. १६ डिसेंबरला ढाका पडलं, ९३ हजार कैदी हातात आले. आणि मग मार्च १९७२ मध्ये भारतीय फौज बांगलादेशातून निघून आली. तीन महिन्यांत. जमीन ठेवून घेतली नाही. जिंकलेली फौज इतक्या लवकर परत गेल्याची उदाहरणं त्या मुलाला त्याच्या खंडातून काढायला सांगा.

आणि एक गोव्याचंच, काल राहिलं. ६१ नंतर 'तुम्हाला भारतात यायचंय का' असं गोंयकारांना मतपेटीतून कुणी विचारलं नाही, हे खरं आहे. प्रामाणिकपणे तेही सांगावं. पण दोनच वर्षांत, डिसेंबर १९६३ मध्ये, पहिली निवडणूक झाली आणि दिल्लीत राज्य करणाऱ्या पक्षाला गोव्याने साफ नाकारलं. भाऊसाहेब बांदोडकरांचं सरकार आलं. फौज पाठवणाऱ्या पक्षाला हरवता येतं, हे साडेचारशे वर्षांत पहिल्यांदा घडलं. पुढे १६ जानेवारी १९६७ ला महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही यावर सार्वमत झालं. ३४,०२१ मतांच्या फरकाने 'नाही' आलं. इथल्या बऱ्याच मराठी वाचकांना ते आजही आवडत नसेल, माझ्या वडिलांनीही विलीनीकरणालाच मत दिलं होतं. पण हरल्यावर ते निमूट शेतात गेले, आणि दिल्लीने तो निकाल पाळला.

दूरदेशी
मंडळी, चार दिवस कामात होतो, पण प्रत्येक प्रतिसाद तिला रोज रात्री वाचून दाखवला. मराठी तिला कळतं, वाचायला वेळ लागतो. तेरणाताईंचा दोनदा वाचायला लावला.

पहिलं वाक्य तिने खोडलं. मी म्हटलं, मग सुरुवात कशाने? तिने तो १५४२ चा ठराव शोधून काढलाय आणि गोव्यापासूनच सुरू करणार आहे: हो, १८ डिसेंबरला आमची फौज गेली, आता त्याआधीची चौदा वर्षं ऐका. मग मतदार यादी, मग कोरिया, मग दक्षिण आफ्रिका. हैदराबाद ती स्वतःहून काढणार आहे, प्रश्न यायच्या आधी. कृष्णाकाठकाका, तुमचं म्हणणंही मी तिला सांगितलं. ती म्हणाली, काकांना सांगा की थोरात आत गेले ते शस्त्राशिवायच ना.

आणखी एक. मोहन रानडे यांच्याबद्दल माझ्या वडिलांनी लहानपणी सांगितलं होतं ते या निमित्ताने आठवलं. सांगलीचे, गोव्यात शिक्षक म्हणून राहिले, १९५५ मध्ये पकडले गेले, २६ वर्षांची शिक्षा. गोवा मोकळा झाला तरी ते सुटले नाहीत. १९६९ पर्यंत लिस्बनजवळच्या काशियशच्या किल्ल्यात होते. मी रोज कामाला ज्या गाडीने जातो ती काशियश स्टेशनवर थांबते. सहा वर्षं थांबते आहे, आणि मी एकदाही खिडकीतून वर बघितलं नव्हतं. गोव्याच्या स्वातंत्र्यलढ्यातले टी. बी. कुन्हा यांना ठेवलं होतं तो पेनिशचा किल्ला आता संग्रहालय आहे. सालाझारच्या काळात तिथे पोर्तुगीज राजबंदीही होते. शनिवारी आम्ही दोघं तिथे जाणार आहोत. तिने त्या मुलाला विचारलं, तोही येतोय. आजोबांना विचारून बघतो म्हणालाय.

तेरणाताई, एक परवानगी हवी होती. तिला लेखात तुमच्या आजींचं आणि त्या शेजारणीचं सांगायचंय. शेजारणीचं नाव लिहिलं तर चालेल का, असं विचारते.

तेरणा
आजीचं सांगू दे, खुशाल. शेजारणीचं नाव नको, तिची नातवंडं अजून त्याच घरात राहतात, त्यांना विचारल्याशिवाय मी देणार नाही. पुढच्या महिन्यात गावी जाणार आहे, तेव्हा विचारते. तोवर 'शेजारीण' एवढंच लिहू दे. आणि बळद म्हणजे काय ते तिथल्या मुलांना नीट समजावून सांगायला सांगा. आत हवा कमी असते. आजी रात्री झाकण उघडं ठेवून तिथेच बसायची.